नव्या दगडी अंगणावरचे डाग : नागपूरच्या दुकानांत मिळणारे उपाय कितपत कामाचे?

अंगणात दगड बसवून मिस्त्री निघून गेला, की महिनाभरात हार्डवेअरच्या दुकानात होणारा संवाद ठरलेला असतो. “फरशीवर पांढरं आलंय, काय लावू?” “ॲसिड न्या, एका दमात साफ.” दोघांच्याही बोलण्यात दगडाचं नाव कुठे येत नाही, आणि घोळ तिथेच होतो. डागाने अंगण जेवढं बिघडत नाही, तेवढं या एका बाटलीने बिघडतं.

बेसा, मनीषनगर, हिंगणा रोड या भागांतल्या नव्या घरांपुढे दगडी अंगण आता नेहमीचं झालं आहे. त्यावर लोक जे काही ओततात, घासतात आणि फासतात, त्यातल्या मुख्य गोष्टींचा हा परखड आढावा. कंपन्यांची नावं मुद्दाम टाळली आहेत. लेबल कुठलंही असो, आतलं रसायन तीन-चार प्रकारचंच असतं, आणि गुण-दोष त्या रसायनाचे असतात.

आधी दगड ओळखा

नागपुरात अंगणासाठी येणारा कोटा राजस्थानचा, तांदूर तेलंगणाचा, शहाबादी कर्नाटकातली आणि कडप्पा आंध्रातला. रंग निळा असो, पिवळा असो की काळा, चारही चुनखडीचे दगड. ॲसिड पडलं की विरघळणारच. धोलपुरी आणि आग्र्याचा लाल हे वाळूदगड. त्यातली वाळू ॲसिडला दाद देत नाही, पण कण धरून ठेवणारा नैसर्गिक मसाला कधी लोहाचा असतो, कधी चुन्याचाही असतो. ग्रॅनाइट या सगळ्यांत चिवट. जैसलमेरचा पिवळा दगड पुष्कळदा वाळूदगड म्हणून विकला जातो, प्रत्यक्षात तो चुनखडीत मोडतो. त्यामुळे दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका.

खात्री करणं सोपं आहे. कापून उरलेल्या तुकड्याच्या तुटक्या कडेवर खिळ्याने ओरखडून चिमूटभर भुकटी काढा आणि तिच्यावर लिंबाचे दोन-चार थेंब टाका. बारीक बुडबुडे आले तर चुनखडी. काहीच झालं नाही तर वाळूदगड किंवा ग्रॅनाइट. ही परीक्षा बसवलेल्या फरशीवर करू नका, कारण पॉलिश केलेल्या कोट्यावर लिंबाचा थेंबही कायमचा मंद ठिपका सोडतो. संत्र्याच्या फोडी अंगणात सांडल्या तरी तेच होतं, आणि नागपुरात ते व्हायला कितीसा वेळ लागतो!

मग डाग कुठून आला ते पाहा

डागावर पाणी शिंपडा आणि निरखून बघा. पांढरी भुकटी बोटाला लागत असेल, ओली केल्यावर गायब होत असेल आणि वाळल्यावर पुन्हा उमटत असेल, तर तो खार. खालून येतो. करडी, पातळ, कडक साय असेल, नखाने निघत नसेल आणि ओली असतानाही अंधुक दिसत असेल, तर ते दरजा (फरश्यांमधल्या फटी) भरताना पुसायचं राहून गेलेलं सिमेंट. हे वरचं.

फरशीच्या चारही कडांनी गडद चौकट दिसत असेल तर ती दरजांतल्या मसाल्याची ओल. प्रत्येक फरशीवर चार कोपऱ्यांत आणि मध्ये असे गडद गोल दिसले, तर मिस्त्रीने खाली पूर्ण मसाला पसरलेला नाही, नुसते गोळे ठेवून फरशी दाबली आहे. नाण्याने ठोकून बघा. गोळ्यावर भरीव आवाज येईल, बाजूला पोकळ. त्या पोकळीत पाणी साचत राहतं, आणि यावर बाजारात कुठलीही बाटली नाही. फरशी काढून पूर्ण मसाल्यावर पुन्हा बसवणं हाच इलाज. काम नवं आहे तोवर हे मिस्त्रीकडून त्याच्या खर्चाने करून घ्या.

नारिंगी ठिपक्याच्या मधोमध काळा कण दिसला तर ते वरून पडलेलं लोखंड. पिवळट-नारिंगी रंग दगडाच्या नसेबरोबर पसरला असेल तर लोह दगडातलंच आहे. चहा सांडल्यासारखे तपकिरी ओघळ बहुधा टॅनिनचे, म्हणजे झाडाचा पाला, भुसा, तागाचा बारदाना यांतून उतरलेल्या रंगाचे.

बाटलीतलं ‘फरशीचं ॲसिड’

हे हायड्रोक्लोरिक ॲसिड. बहुतेक टॉयलेट क्लीनरही याच कुळातले. नव्या दगडी अंगणासाठी बाजारातला सर्वांत वाईट माल, आणि सर्वांत जास्त खपणाराही हाच.

कोट्यावरचा पांढरा थर कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि कोटाही मुख्यतः त्याचाच. ॲसिडला दोघांतला फरक कळत नाही. थर जातो, त्याच्याबरोबर दगडाचा वरचा पापुद्राही जातो. ओलं असताना सगळं छान दिसतं. वाळलं की जिथे जिथे ओघळ गेला तिथे मंद, खरखरीत, पांढुरकी वाट उमटते. बोट फिरवलं तर खडूवरून फिरल्यासारखं लागतं. उघड्या पडलेल्या छिद्रांत पुढे तेल, हळद, चिखल जास्त खोल मुरतं. हा डाग धुऊन जात नाही, कारण तो डागच नसतो, तो दगडाला पडलेला खड्डा असतो. त्याला पुन्हा घासाई आणि पॉलिशच लागतं.

आणखी एक गोष्ट फार कमी दुकानदार सांगतात. चुन्याशी या ॲसिडचा संयोग होऊन कॅल्शियम क्लोराइड तयार होतं. ते हवेतली ओल ओढून घेतं. नीट धुतलं गेलं नाही, तर जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत त्या फरश्या पाऊस नसतानाही ओलसर, काळपट दिसत राहतात. मालक म्हणतो खालून पाणी मुरतंय, आणि वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावतो.

वाळूदगडावर परिणाम वेगळा, पण तितकाच वाईट. ॲसिड दगडातलं लोह सुटं करतं आणि वाळताना ते पृष्ठभागावर येऊन गंजतं. करड्या धोलपुरीवर पिवळट-तपकिरी ढग उठतात ते यामुळे. दरजांतलं सिमेंटही खाल्लं जातं ते वेगळंच.

शिवाय ॲसिड ओतून झाल्यावर ‘जंतू मरावेत’ म्हणून वरून ब्लीचिंग पावडर किंवा लिक्विड ब्लीच टाकायची काहींना सवय असते. त्यातून क्लोरीन वायू निघतो. उघड्या अंगणातही छातीला झोंबतो, बंद पोर्चमध्ये जीवावर बेतू शकतं. चुनखडीच्या दगडासाठी या बाटलीला शून्य गुण. ग्रॅनाइटवरही यापेक्षा चांगले पर्याय आहेत.

नायलॉनचा ब्रश, खराटा आणि ऊन

खारासाठी आमच्या यादीत पहिला नंबर यांचा. खर्च जवळजवळ काहीच नाही, म्हणूनच बहुधा कुणी सुचवत नाही.

खार येतो कसा ते कळलं की हे का चालतं तेही कळतं. सिमेंट पाण्याबरोबर घट्ट होताना चुना मोकळा होतो. मसाल्यात पाणी जास्त असेल किंवा खाली ओल असेल, तर तो चुना पाण्यात विरघळून दगडाच्या छिद्रांतून आणि दरजांतून वर चढतो. पाणी उडून जातं, चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून पांढरा थर बनतो. रेती न धुता वापरली असेल किंवा बोअरचं जड पाणी मसाल्यात गेलं असेल, तर इतर विद्राव्य क्षारही याच वाटेने येतात. पावसाळाभर खाली पाणी मुरतं आणि ऑक्टोबरच्या उन्हात ते ओढलं जातं, म्हणून नव्या अंगणावर दिवाळीच्या तोंडावर खार सर्वांत जास्त फुटलेला दिसतो. रांगोळीआधीच पांढरं अंगण! मसाल्यातला मोकळा चुना संपत जातो तसा खारही वर्ष-दोन वर्षांत आपणहून कमी होतो.

आता त्यावर बादलीभर पाणी ओतलं तर काय होईल? विद्राव्य क्षार विरघळून परत दगडात शिरतील आणि दोन दिवसांनी पुन्हा वर येतील. म्हणून नियम असा: आधी कोरडं घासा. दगड पूर्ण वाळला की दुपारी कडक नायलॉनच्या ब्रशने घासून भुकटी सुपलीत गोळा करा आणि अंगणाबाहेर फेका. नुसती बाजूला लोटली तर पहिल्या सरीत ती पुन्हा दरजांत जाईल. आठवड्यातून एकदा, असं काही आठवडे करा. नंतर उरलेलं धुवायचं असेल तर कमीत कमी पाण्याने, ओल्या पोछ्याने टिपून घ्या. शेवटच्या धुण्याला बोअरचं पाणी नको, नळाचं घ्या; बोअरचं पाणी वाळताना स्वतःचेच पांढरे गोल सोडतं.

तारेचा ब्रश मात्र अंगणात आणूच नका. त्याच्या तुटक्या तारांचे डोळ्यांना न दिसणारे तुकडे दगडाच्या खाचांत अडकतात आणि पहिल्या पावसात शेकडो नारिंगी ठिपके उगवतात. खार गेला, गंज आला.

मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा खालची ओल वेगाने निघते. ज्यांचं काम हिवाळ्यात झालंय त्यांनी पहिला उन्हाळा अंगण उघडं ठेवावं, सीलर लावायची घाई करू नये. कुंड्या, पायपुसणी, ताडपत्री कायमची एका जागी ठेवू नका. त्यांच्याखाली ओल अडकून नेमक्या त्याच आकाराचा डाग उमटतो. कडांच्या गडद चौकटीही बहुतांश याच काळात फिकट होतात.

सल्फॅमिक ॲसिड

पांढरे स्फटिक. वाळूदगड आणि ग्रॅनाइटवरची सिमेंटची साय काढायला हेच योग्य, कारण ते वाफारत नाही, हाताळायला सोपं आहे आणि लोहाला हायड्रोक्लोरिकइतकं उठवत नाही. तयार ‘सिमेंट रिमूव्हर’ विकत घेतलात तर लेबलवर कुठलं ॲसिड आहे ते आधी वाचा. संगमरवरावर वापरू नये असं लिहिलं असेल, तर ते कोट्यालाही लागू आहे, जरी कोट्याचं नाव तिथे नसलं तरी.

प्रमाण लिटरमागे ५० ग्रॅम. फार जाड थर असेल तर १०० ग्रॅमपर्यंत. आधी पाणी, मग त्यात पावडर. आणि यातली कळीची गोष्ट म्हणजे द्रावण टाकण्याआधी दगड पाण्याने पूर्ण भिजवून घेणं. छिद्रं पाण्याने भरलेली असली की ॲसिड वरच राहतं, आत शिरत नाही. कोरड्या दगडावर टाकलं तर ते आधी दगडात जातं आणि साय जागच्या जागी. पाच मिनिटं ठेवून नायलॉनच्या ब्रशने घासा, तीनदा भरपूर पाण्याने धुवा, मग लिटरमागे ५० ग्रॅम खाण्याचा सोडा घालून ते पाणी फिरवा आणि पुन्हा धुवा. एका वेळी दहा-बारा चौरस फूटच घ्या. उन्हात करू नका, द्रावण घासायच्या आतच वाळतं.

कोट्यावर साय असेल तर? मग ॲसिडचा मार्ग बंद. पॉलिश कोट्यावर पॉलिशवाल्याकडून १२० आणि २२० नंबरची पाण्याची घासाई, मग पुढचे नंबर. खडबडीत कोट्यावर लाकडी किंवा प्लॅस्टिकची पट्टी, नायलॉनचा पॅड, आणि उरलेली पातळ साय पायाखाली झिजू द्या. खरं तर दरजा भरताना पंधरा-वीस मिनिटांत ओल्या स्पंजाने पुसून घेतलं असतं तर हा विषयच उरला नसता. सिमेंटऐवजी एपॉक्सीच्या राळेने दरजा भरल्या असतील तर वर राहिलेला तिचा थर त्याच दिवशी काढावा लागतो. घट्ट झाल्यावर ते काम अवघड आणि खर्चिक होतं.

ऑक्झॅलिक पावडर

इतवारीच्या बाजारात सुटी मिळते, पॉलिशवाल्यांकडे तर असतेच. वाळूदगड आणि ग्रॅनाइटवरच्या गंजाला उत्तम. लिटरमागे ५० ग्रॅम, कोमट पाण्यात लवकर विरघळते. ओल्या दगडावर लावून दहा-पंधरा मिनिटं, हलकं घासणं, धुणं, वरच्यासारखंच सोड्याचं पाणी. जुना डाग दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला जातो. पोटात गेल्यास विषारी आहे, त्यामुळे हातमोजे घाला, द्रावण पाण्याच्या जुन्या बाटलीत भरून ठेवू नका आणि धुतलेलं पाणी तुळशीकडे वळवू नका.

कोट्यावर मात्र ऑक्झॅलिकमुळे चुन्याशी संयोग होऊन कॅल्शियम ऑक्झॅलेटचा पांढरा, पाण्यात न विरघळणारा थर बसतो. म्हणजे नारिंगी जाऊन पांढरं येतं. यावर हमखास प्रश्न येतो, की मग पॉलिशवाला कोट्यावर शेवटी हीच पावडर का टाकतो? तो अगदी थोडी भुरभुरतो, नमद्याने किंवा मशीनच्या पॅडने जोर लावून घासतो आणि लगेच धुतो. घर्षणात तयार होणारा तोच पातळ थर सारखा बसून चमक देतो. बादलीत कालवून ओतलेली ऑक्झॅलिक जिथे साचली तिथे जास्त, जिथून वाहिली तिथे कमी काम करते, आणि फरशी नकाशासारखी होते.

न्यूट्रल रस्ट रिमूव्हर

कोटा, तांदूर, शहाबादीवरच्या गंजासाठी खरा पर्याय हाच. दगडाच्या केमिकलांच्या दुकानात जेल मिळतं. गाडीच्या चाकांसाठी मिळणारा फवाराही याच जातीचा असतो. लेबलवर ‘ॲसिड-फ्री’ किंवा पीएच ७ च्या आसपास लिहिलेलं हवं. गंजाला लागलं की रंग जांभळा होतो आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. म्हणजे काम चालू आहे. वाळू न देता पाच-दहा मिनिटांत धुऊन टाका.

लावण्याआधी चुंबक फिरवा. जुन्या स्पीकरमधलं निघालेलं चालतं. त्याला पातळ पिशवी गुंडाळली की चिकटलेला चुरा झटकणं सोपं. बाइंडिंग वायरचे तुकडे, ग्रिलवाल्याने अंगणातच ग्राइंडर चालवल्याने उडालेला भुसा, वेल्डिंगचे मणी. हे जागेवर असताना डाग काढणं व्यर्थ. नवं गेट अंगणात ठेवून घासलं गेलं असेल तर डाग उठायच्या आतच हे करा, पाणी लागण्याआधी.

उणीव ही की तांदूरच्या पिवळ्या आणि तपकिरी छटेत लोहच असतं. तिथे हे केमिकल डागाबरोबर दगडाचाही रंग थोडा उतरवू शकतं, म्हणून आधी कोपऱ्यात बघा. दगडाच्या आतच लोहाचा कण असेल तर काढलेला गंज पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी हजर. अशी एखाद-दुसरी फरशी बदललेली परवडते. त्यासाठी बसवतानाच त्याच लॉटच्या चार-पाच फरश्या जादा ठेवायला हव्यात. नंतर रंग जुळत नाही.

पेरॉक्साइडचा लेप

तपकिरी डागांवर याच्याइतकं भरवशाचं दुसरं काही नाही, आणि नव्या अंगणावर तपकिरी डाग पडायला कारणं भरपूर. मिस्त्री दगड ओला राहावा म्हणून जुना बारदाना पसरतो, तागाचा रंग उतरतो. पॉलिशचा चिखल शोषायला लाकडाचा भुसा टाकतात. तो ओला राहिला की एका रात्रीत डाग. कूलरला नवं वुडवूल किंवा वाळा लावला की पहिल्या काही दिवसांचं पाणी पिवळट-तपकिरी गळतं. सागाची ओली पानं तर लालसर छाप सोडतात. जूनमध्ये जांभळं. आणि खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं चघळायचं मिश्रण. त्यातली सुपारी जो रंग देते तो खडबडीत कोट्यात असा मुरतो, की धुण्याच्या साबणाने नुसता पसरतो.

मेडिकलमध्ये मिळणारं ६ टक्क्यांचं, म्हणजे २० व्हॉल्यूमचं हायड्रोजन पेरॉक्साइड घ्या. त्यात चायना क्ले किंवा खडूची पावडर कालवून थालीपिठाच्या पिठाइतकं घट्ट करा. डाग आधी साध्या पाण्याने ओलसर करा. लेप ५-६ मिलिमीटर जाड, डागाच्या बाहेर इंचभर जाईल असा थापा. मध्ये हवा राहू देऊ नका. वर प्लॅस्टिक, कडांना चिकटपट्टी, आणि २४ तास सावलीत. मग प्लॅस्टिक काढा आणि लेप पूर्ण सुकेपर्यंत हात लावू नका. पुष्कळजण प्लॅस्टिकसकट लेप काढून टाकतात आणि ‘काही झालं नाही’ म्हणतात. डाग वर ओढला जातो तो लेप सुकताना. प्लॅस्टिकखाली नुसता सैल होतो. तडे जाऊन पापुद्रे सुटायला लागले की लाकडी पट्टीने काढा, ओल्या फडक्याने पुसा. एकदा लावल्यावर अर्धाच फिका झाला तर तो गुण आलाच समजा, पुन्हा लावा.

मुलतानी माती सगळ्यांच्या घरात असते म्हणून तीच कालवली जाते. तिच्यात लोह असतं. फिकट दगडावर ती स्वतःच पिवळी छाया सोडू शकते आणि कुठल्याही ॲसिडबरोबर तर ती चालतच नाही. खडूची पावडरही ॲसिडबरोबर नको, फेसाळून जाते. काळ्या कडप्प्यावर पेरॉक्साइडने रंग फिका पडतो का ते उरलेल्या तुकड्यावर बघून घ्या.

तेलाच्या डागांना पेरॉक्साइड चालत नाही. पणतीचं तेल, सावजी रश्श्याची तर्री, गाडीचं ऑइल यांना खाण्याचा सोडा आणि पाण्याचा लेप. मुरलेलं असेल तर खडूची पावडर ॲसिटोनमध्ये कालवून, ज्योतीपासून लांब. तर्रीतल्या हळदीला साबण लावाल तर ती लाल होईल. तेल निघालं की हळद उन्हात सोडा, रंग आपोआप उडतो.

प्रेशर वॉशर

चिखल आणि शेवाळापुरता ठीक. खारावर उलटा, कारण तो पाणी खाली ढकलतो. दरजा भरून चार आठवडे व्हायच्या आत वापरू नका. पंख्यासारखा फवारा देणारं नोझल, दगडापासून फूटभर अंतर, दाब १०० बारच्या आत. एका रेषेत मारणारं नोझल दरजांतला मसाला उडवतं आणि मऊ वाळूदगडावर वाचता येतील अशा रेघा ओढतं. शेवाळासाठी लिक्विड ब्लीचचा एक भाग आणि पाणी दहा भाग, दहा मिनिटं, मग धुणं. ब्लीचिंग पावडर नको, तिचा चुना मागे राहतो.

सीलर

दोन प्रकार. दगडात मुरणारा सिलेन-सिलॉक्सेनचा, आणि वर थर देणारा चकचकीत ॲक्रिलिकचा. उघड्या अंगणासाठी दुसरा घेऊच नका. नागपूरच्या उन्हात तो पिवळा पडून सोलतो, खालची ओल अडवून दुधाळ होतो आणि पावसात त्यावरून घसरायला होतं. दुकानात दाखवतात तो मात्र हाच, कारण नमुन्याच्या तुकड्यावर तो सुंदर दिसतो.

मुरणारा सीलर चांगला, पण त्याच्याकडून अपेक्षा नीट ठेवा. वरून सांडलेल्या तेल-चहाला तो वेळ मिळवून देतो. खालून येणारा खार तो थांबवत नाही. ओल असताना लावला तर खार पृष्ठभागाच्या आतच साठतो, आणि मग कुठलाही ब्रश तिथे पोचत नाही. लावण्याआधी दीड बाय दीड फुटाचं जाड प्लॅस्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवून किमान १६ तास ठेवा. आतून दव दिसलं किंवा दगड गडद झाला तर थांबा. हवा कोरडी असतानाही बसवल्यापासून सहा आठवडे तरी जाऊ द्या. पावसाळ्यात काम झालं असेल तर सरळ पुढच्या मार्चपर्यंत.

एका लिटरमध्ये घट्ट कोटा साधारण १०० चौरस फूट होतो, वाळूदगड त्याच्या निम्माच. दगड गार असताना, भल्या सकाळी लावा. दहा मिनिटांनी वर जे उरेल ते कोरड्या फडक्याने पुसून काढा. पुसलं नाही तर चिकट पट्टे राहतात आणि नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हात, त्यावर रस्त्याची सगळी धूळ बसते.

आणि ढाळ नसेल तर सीलरवर पैसे घालू नका. दहा फुटांना दोन इंच उतार हवा. पाणी साचणाऱ्या जागी डाग फिरून येणारच.

स्टोन क्लीनिंगची सेवा

चौरस फुटावर दर सांगणारे बरेच आहेत. चांगला माणूस ओळखायचा तर त्याला तीन गोष्टी विचारा. दगड कोणता आहे? उत्तर न देता तो ‘सगळ्यावर चालतं’ म्हणाला तर तिथेच आभार माना. कॅनमध्ये काय आहे? लेबल नसलेल्या पांढऱ्या कॅनमधून धूर निघत असेल तर ते तेच फरशीचं ॲसिड. तिसरी गोष्ट, कोपऱ्यातल्या एका फरशीवर आज करून उद्या दाखवशील का? काम जाणणारा स्वतःच हे सुचवतो.

खार काढून द्यायची लेखी गॅरंटी देणाऱ्यापासून जरा सावध राहा. खाली ओल आहे तोवर तशी गॅरंटी कुणालाच देता येत नाही. उलट गंज, सिमेंट, टॅनिन यांचं काम हमी घेऊन करता येतं आणि त्यासाठी माणूस बोलावणं रास्त आहे, विशेषतः पॉलिश कोट्याची घासाई. ती घरी हाताने करायची गोष्ट नाही.

पैसे मात्र त्याच दिवशी चुकते करू नका. काम संपलं की ओल्या फरशीकडे बोट दाखवून ‘बघा, गेला’ म्हणतात. ओला दगड खार, साय आणि ॲसिडची वाट, सगळंच झाकतो. अंगण दोन दिवस कोरडं राहू द्या आणि उन्ह कलल्यावर, तिरप्या उजेडात वाकून बघा. मगच उरलेली रक्कम द्या.